काल चालत होतं, आज सर्व्हर सापडत नाही

सकाळी सव्वादहाला फोन वाजला की वाक्य मला आधीच पाठ असतं. "मॅडम, काल संध्याकाळपर्यंत चालत होतं. आम्ही कशाला हातसुद्धा लावला नाही." पलीकडे कधी नाशिकमधल्या अंबडच्या वर्कशॉपमधले अकाउंटंट असतात, कधी सातपूरचं एखादं स्टोअर. द्राक्षाच्या सीझनमध्ये पिंपळगावच्या पॅकहाउसमधला काट्यावरचा मुलगा असतो आणि त्याच्यामागे क्रेट भरलेल्या पिकअपची रांग हॉर्न वाजवत असते. हात लावला नाही हे बहुतेक वेळा खरंच असतं. रात्री लाइट गेली, पहाटे आली, राउटर आणि सर्व्हर आपापल्या वेळेनं उठले आणि एकमेकांना ओळखेनासे झाले.

प्रोग्रॅम सर्व्हरवरच्या डेटाबेसला जोडलाच जात नाही, हा बिघाड मी इतक्यांदा काढलाय की आता सिडकोतून गाडी काढायच्या आधी निम्मं काम फोनवरच होतं. ते कसं, ते इथे लिहून ठेवते. उदाहरणं मुख्यतः विंडोजवरच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फुकट मिळणाऱ्या डेटाबेस सर्व्हरची आहेत, कारण छोट्या कारखान्यांत मला तेच जास्त भेटतं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या दोन डेटाबेसमध्ये जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगेन.

प्रोग्रॅम डेटाबेसपर्यंत कसा पोचतो, ते एमआयडीसीतल्या कुरिअरवाल्यासारखं धरा. आधी प्लॉट सापडला पाहिजे, म्हणजे मशीनचं नाव किंवा आयपी पत्ता. मग बरोबर गेट, म्हणजे पोर्ट. एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं पोर्ट १४३३, मायएसक्यूएलचं ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२. गेटवर पास दाखवायचा, ते लॉगिन. आत गेल्यावर कुठल्या खात्यात जायचं, तो डेटाबेस. शेवटी ज्या कामासाठी आलो ते काम, म्हणजे क्वेरी. एरर यांपैकी एकाच टप्प्यावर येतो. तो टप्पा ओळखला की त्याच्या आधीच्या टप्प्यांकडे बघायचंही कारण उरत नाही. लोक मात्र सुरुवातच पासवर्ड बदलण्यापासून करतात. अहो, पासवर्ड रात्रीतून आपोआप बदलत नाही.

लक्षणं

एरर वाचायच्या आधी घड्याळ बघा. बटण दाबल्यापासून एरर यायला किती सेकंद लागले? माझा फोनवरचा पहिला प्रश्न हाच असतो आणि लोकांना तो विचित्र वाटतो.

दोन-तीन सेकंदांत नकार आला, तर प्लॉट सापडलाय पण त्या गेटवर कोणी बसलेलं नाही. पंधराएक सेकंद गोल फिरत राहिलं आणि मग "सर्व्हर सापडला नाही" आलं, तर एक तर पत्ताच चुकीचा आहे, किंवा मधे फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, गप्प बसलाय. पंधरा सेकंद हा आकडा डॉटनेटच्या (सॉफ्टवेअर लिहायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाच्या) जोडणीचा ठरलेला टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत आहे, म्हणून तो इतका नेमका येतो. "लॉगिन फेल्ड" आणि १८४५६ हा नंबर दिसला तर खूश व्हा. नेटवर्क, केबल, फायरवॉल, पोर्ट सगळं ठीक आहे, त्यांना हात लावू नका.

बाकीची लक्षणं थोडक्यात. एकाच पीसीवर चालत नाही, बाकीच्यांवर चालतं. सकाळी पहिल्या क्लिकला एरर, दुसऱ्या क्लिकला सुरळीत. सकाळी झकास, दुपारी चारनंतर सगळे अडकतात आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की पुन्हा झकास. जुनी बिलं दिसतात, नवीन सेव्ह होत नाही. शेतकऱ्यांची नावं सेव्ह होतात, पण परत उघडली की नुसती प्रश्नचिन्हं. यांची कारणं पूर्ण वेगवेगळी आहेत, तरी फोनवर सगळ्यांचं एकच नाव असतं: "सर्व्हर डाउन".

खुर्चीवरून न उठता

सगळ्यात आधी विचारा, बाकीच्या पीसींवर चालतंय का? सगळीकडे बंद असेल तर दोष सर्व्हरकडे. एकाच ठिकाणी बंद असेल तर दोष त्या पीसीत, आणि सर्व्हरला हात लावायचा नाही. हे एवढं न विचारता मी एकदा सिन्नरपर्यंत गेलेय. लॅपटॉप पाहुण्यांच्या वाय-फायला जोडलेला होता, बस्स. पाहुण्यांचं नेटवर्क मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं, तिथून आतला सर्व्हर दिसूच नये म्हणून.

मग सर्व्हर म्हणवणाऱ्या पीसीकडे जा. आपल्याकडे सर्व्हर म्हणजे बहुधा शेठच्या केबिनमधला एक साधा पीसी असतो. तो स्लीपमध्ये गेलाय का? पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा. केबलच्या खोबणीतला दिवा लुकलुकतोय का बघा. सकाळी झाडताना स्विचचा प्लग निघणं ही तर नेहमीचीच गोष्ट, आणि ज्यांनी झाडलं त्यांना बोलून उपयोग नाही, प्लग भिंतीवर वर न्या. मशीनची तारीखसुद्धा बघा. बोर्डावरचा सेल संपला असेल तर लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग सर्टिफिकेटपासून लायसन्सपर्यंत सगळं रुसतं. बटणासारखा तो सेल कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, तोही अगदी किरकोळ पैशांत.

सर्व्हरवर बसून उघडून बघा

ही तपासणी फुकट आहे आणि शोधायची जागा निम्म्यावर आणते. सर्व्हरच्याच पीसीवर तेच सॉफ्टवेअर उघडा. तिथे चाललं, तर डेटाबेस जिवंत आहे आणि बिघाड रस्त्यात आहे: पत्ता, पोर्ट किंवा फायरवॉल. तिथेही नाही चाललं, तर रस्त्याचा विचार आत्ता सोडा.

ही पायरी मी कधीच गाळत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. वर म्हटलं की गेटवर कोणी नसेल तर नकार लगेच येतो. पण सर्व्हरवर विंडोजचा फायरवॉल चालू असेल, तर तो बंद पोर्टाबद्दल बाहेरच्याला "इथे कोणी नाही" एवढंसुद्धा सांगत नाही. म्हणजे सर्व्हिस (विंडोजमध्ये मागे चालत राहणारा डेटाबेसचा प्रोग्रॅम) बंद पडलेली असली तरी दुसऱ्या पीसीवरून टाइमआउटच दिसतो, आणि माणूस तासभर केबल बदलत बसतो. म्हणून लगेच आलेल्या नकारावर विश्वास ठेवा, पण टाइमआउटवर एकदम निष्कर्ष काढू नका.

सर्व्हरवरही चालत नसेल तर सर्व्हिसेसची यादी उघडा आणि एसक्यूएल सर्व्हरच्या ओळीवर "रनिंग" लिहिलंय का बघा. नसेल तर स्टार्ट करा. चालू झाली की मात्र विषय संपला म्हणू नका, कारण उद्या सकाळी मी पुन्हा तिथेच असेन. स्टार्टअपचा प्रकार "मॅन्युअल" असेल तर "ऑटोमॅटिक" करा. चालूच होत नसेल आणि १०६९ नंबरचा एरर येत असेल, तर सर्व्हिस एखाद्या विंडोज युजरच्या नावानं चालते आणि त्या युजरचा पासवर्ड कोणीतरी बदललाय. हा एकच प्रसंग, जिथे पासवर्डावरचा संशय सुरुवातीलाच खरा ठरतो.

सी ड्राइव्हवर जागा किती उरलीय तेही बघा. डिस्क काठोकाठ भरली की डेटाबेसचं काम ठप्प होतं, आणि भरणारी वस्तू बहुधा जुने बॅकअप असतात, तेही त्याच डिस्कवर घेतलेले. यावर मी वेगळं काय बोलू.

खरी हकीकत लॉगमध्ये असते. एसक्यूएल सर्व्हरच्या फोल्डरात "लॉग" नावाच्या फोल्डरमध्ये "एररलॉग" नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडते. अगदी शेवटून वर वाचत या.

पत्ता बदललाय का

लाइट गेल्यानंतरच्या सकाळचा खरा गुन्हेगार हाच. राउटर आतल्या सगळ्या मशिनींना आयपी पत्ते वाटतो. राउटर रीस्टार्ट झाला की काही राउटर आधीची वाटणी विसरतात, आणि मग जो आधी उठेल त्याला आधी. काल सर्व्हरला १९२.१६८.१.५ मिळाला होता, आज तो १९२.१६८.१.९ आहे. बाकीच्या पीसींवरच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (सर्व्हरचा पत्ता लिहिलेल्या सेटिंगच्या ओळीत) मात्र कोणीतरी, बहुधा इन्स्टॉल करणाऱ्यानंच, कालचा पत्ता कोरून ठेवलेला असतो.

सर्व्हरवर काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आयपीकॉन्फिग कमांड द्या आणि तो पत्ता सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधल्या पत्त्याशी ताडून बघा. आकडा आकड्याशी.

इथे पिंगचे (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघायच्या कमांडचे) दोन सापळे आहेत आणि मी दोन्हीत अडकलेय. पहिला असा: त्या पत्त्यावर कोणीच नसेल तर विंडोज "रिप्लाय फ्रॉम" असं लिहून पुढे "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" लिहितं. घाईत माणूस "रिप्लाय" एवढंच वाचतो. खाली हिशोबातही "लॉस शून्य टक्के" येतं, म्हणजे खात्रीच पटते. नीट बघा, तो रिप्लाय तुमच्याच पीसीच्या पत्त्यावरून आलेला असतो. तुमच्याच पीसीनं तुम्हाला सांगितलेलं असतं की समोर कोणी नाही.

दुसरा सापळा जास्त वाईट. सातपूरच्या एका युनिटमध्ये पिंग व्यवस्थित लागत होतं, एक मिलिसेकंदात उत्तर. मी फायरवॉल तपासला, सर्व्हिस तपासली, केबल बदलली. पाऊण तासानं अकाउंटंट काकू सहज म्हणाल्या, "आज हजेरीचं मशीनपण नवीनच नंबर दाखवतंय हो." गेटजवळच्या अंगठा लावायच्या मशीनला सर्व्हरचा जुना पत्ता मिळाला होता. मी पाऊण तास त्या मशीनला पिंग करत होते आणि ते बिचारं इमानदारीनं उत्तर देत होतं. तेव्हापासून पिंग लागलं म्हणजे सर्व्हर लागला, असं मी धरत नाही.

कायमचा उपाय पाच मिनिटांचा आहे. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन, म्हणजे पत्ता राखून ठेवायची सोय असते, तिथे सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख नंबर) आणि हवा तो आयपी बांधून टाका. सर्व्हरवरच स्थिर पत्ता टाकूनही चालतं, पण तो राउटरच्या वाटणीच्या टापूबाहेरचा घ्या. नाहीतर एक दिवस तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला जाईल आणि दोघं भांडत बसतील.

पोर्ट आणि फायरवॉल

पत्ता बरोबर आहे, सर्व्हरवर चालतंय, बाहेरून चालत नाही. आता गेट तपासायचं. दुसऱ्या पीसीवर पॉवरशेल ही विंडोजमधलीच कमांडची खिडकी उघडा, टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा आणि शेवटच्या ओळीत "ट्रू" आहे की "फॉल्स" ते बघा. ही चाचणी पिंगपेक्षा शंभरपट कामाची, कारण ती नेमक्या त्याच गेटवर टकटक करते. हजेरीच्या मशीननं इथे "ट्रू" दिलं नसतं.

"फॉल्स" आलं तर तीन संशयित. पहिला, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस इन्स्टॉल केल्यावर टीसीपी-आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडणी घेणं, मुळात बंदच असतं, एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करावं लागतं आणि त्यानंतर सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. रीस्टार्ट विसरला तर बदल लागूच होत नाही. काल चालत होतं, तर हा संशयित सुटला. फक्त नवीन इन्स्टॉलेशनला तो धरायचा. पोस्टग्रेसही सुरुवातीला फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेलं ऐकतो, आणि उबुंटूवरचं मायएसक्यूएलही.

दुसरा, बदलतं पोर्ट. एक्सप्रेसमध्ये सर्व्हरच्या नावापुढे तिरपी रेघ देऊन "एसक्यूएलएक्सप्रेस" लिहिलेलं असतं, ती नावाची इन्स्टन्स, म्हणजे त्या मशीनवर चालणारी डेटाबेस सर्व्हरची एक प्रत. तिचं पोर्ट १४३३ असेलच असं नाही, ते सर्व्हिस सुरू होताना बदलू शकतं. कुठलं पोर्ट मिळालं ते सांगायला ब्राउझर नावाची (इंटरनेट बघायचा ब्राउझर नव्हे) वेगळी सर्व्हिस यूडीपी प्रकारच्या १४३४ पोर्टावर बसलेली असते. ती बंद असेल किंवा फायरवॉलनं अडवली असेल, तर एरर २६ येतो: इन्स्टन्स सापडली नाही. मी हा खेळच बंद करते. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये "आयपी ऑल"च्या खाली डायनॅमिक पोर्टाची चौकट रिकामी करते, साध्या पोर्टाच्या चौकटीत १४३३ टाकते, आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सर्व्हरपुढे स्वल्पविराम देऊन १४३३ लिहिते. हो, स्वल्पविराम. बाकी बहुतेक ठिकाणी पोर्टाच्या आधी कोलन असतो, इथे स्वल्पविराम. जावा भाषेवरून आलेली मुलं इथे हमखास चुकतात.

तिसरा, विंडोजनं नेटवर्कला "पब्लिक" ठरवणं. इंटरनेटवाला येऊन राउटर बदलून गेला की विंडोजच्या लेखी हे नवीनच नेटवर्क असतं, आणि नवीन नेटवर्क म्हणजे अनोळखी, म्हणजे पब्लिक. तुमचा फायरवॉलचा नियम मात्र "प्रायव्हेट"साठी लिहिलेला. नियम शाबूत दिसतो, पण लागू होत नाही. नेटवर्क परत प्रायव्हेट करा, काम झालं. फायरवॉल अख्खा बंद करून "चाललं बघा" म्हणणारे भरपूर आहेत. दोन मिनिटं चाचणीपुरता बंद केला तर समजू शकते, तसाच सोडून जाऊ नका.

शेठला घरून बिलं बघायची असतात म्हणून राउटरवर १४३३ थेट इंटरनेटला उघडून ठेवलेलंही मी पाहिलंय. त्या ठिकाणचा एररलॉग उघडला तर "एसए" या सर्वाधिकारी युजरच्या नावानं परदेशी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न, एकामागून एक, रात्रभर. असं दिसलं तर ते दार त्याच क्षणी बंद करा, आणि शेठसाठी व्हीपीएन, म्हणजे आतल्या नेटवर्कपर्यंतची खासगी वाट, लावून द्या.

एकाच पीसीवर बंद: ड्रायव्हर

"ट्रू" आलं तरी सॉफ्टवेअर जोडत नाही, तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवून ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि डेटाबेसमधला दुवा, एकटा तपासायचा. यासाठी एक जुनी युक्ती आहे. डेस्कटॉपवर रिकामी टेक्स्ट फाइल बनवा, तिचं एक्स्टेन्शन बदलून यूडीएल करा आणि डबल क्लिक करा. एक छोटी खिडकी उघडते, त्यात एसक्यूएल सर्व्हरचा प्रोव्हायडर निवडून सर्व्हर, युजर, पासवर्ड टाका आणि "टेस्ट कनेक्शन" दाबा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तिथे जोडलं तर बिघाड सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. काम झाल्यावर ती फाइल उडवा, कारण सेव्ह केलेला पासवर्ड तिच्यात उघडा वाचता येतो.

ओडीबीसी (डेटाबेसला जोडायची एक जुनी पद्धत) वापरणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचं एक खास दुखणं आहे. डीएसएन, म्हणजे जोडणीची नावानं साठवलेली माहिती, बनवला, टेस्ट यशस्वी, तरी सॉफ्टवेअर म्हणतं डेटा सोर्सचं नाव सापडत नाही किंवा आर्किटेक्चर जुळत नाही. कारण चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ओडीबीसीची दोन ऑफिसं आहेत, आणि गंमत म्हणजे बत्तीस बिटांचं ऑफिस "सिसवाउ६४" फोल्डरात आणि चौसष्टचं "सिस्टम३२" फोल्डरात बसतं. नावं उलटी वाटतात, पण आहेत तशीच. सॉफ्टवेअर बत्तीस बिटांचं असेल तर डीएसएनही त्याच ऑफिसात बनवा.

आणि कोणी उत्साहानं ड्रायव्हर अपडेट केला असेल, तर एसक्यूएल सर्व्हरचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून एन्क्रिप्शन (जोडणीवरचा मजकूर गुपित करणं) आपोआप चालू असतं. मग सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला, विश्वासार्ह नाही असा एरर येतो. सर्व्हरला नीट सर्टिफिकेट लावणं हा खरा उपाय. आतल्या नेटवर्कपुरतं "ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट" चालू करून लोक निभावतात, मीही निभावते.

लॉगिन

१८४५६ येतो तेव्हा युजर चुकला की पासवर्ड, हे समोरच्याला मुद्दाम सांगितलं जात नाही. चोरालाही तेच कळेल म्हणून. पण सर्व्हरच्या एररलॉगमध्ये त्याच ओळीपाशी "स्टेट" नावाचा आकडा असतो. ५ म्हणजे असा युजरच नाही. ८ म्हणजे पासवर्ड चुकला. ३८ म्हणजे लॉगिन बरोबर आहे, पण मागितलेला डेटाबेस उघडत नाही. ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिनवर ठेवलाय आणि तुम्ही एसक्यूएलचा युजर देताय. हा एक आकडा वाचला की अंदाजपंचे पासवर्ड बदलणं थांबतं.

मायएसक्यूएलमध्ये १०४५ आला तर पासवर्डाइतकंच "कुठून" बघा. तिथे युजर म्हणजे नाव आणि ठिकाण मिळून एक. लोकलहोस्टवरचा (सर्व्हरच्याच मशीनवरचा) युजर आणि बाहेरून येणारा त्याच नावाचा युजर हे दोन वेगळे इसम, त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात.

जोडतं, पण अडकतं

सकाळी पहिल्यांदा एरर आणि दुसऱ्यांदा सुरळीत, हे मायएसक्यूएलवाल्यांचं. रिकामी बसलेली जोडणी तो २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतो. दुकान सातला बंद, सकाळी दहाला उघडलं, पंधरा तास झाले. सॉफ्टवेअरला वाटतं जोडणी आहे, सर्व्हरनं ती कधीच तोडलेली असते. आठ तासांची मर्यादा वाढवत बसू नका. जोडण्यांच्या पूलमध्ये (पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात) जोडणीचं आयुष्य त्याहून कमी ठेवा, किंवा वापरण्याआधी ती जिवंत आहे का हे तपासायचं सेटिंग चालू करा.

दुपारी चारचं अडकणं जास्त रंजक आहे. डॉटनेटच्या पूलमध्ये एका कनेक्शन स्ट्रिंगमागे जास्तीत जास्त १०० जोडण्या असतात. कोडमध्ये कुठेतरी जोडणी उघडली आणि बंद केली नाही, बहुतेक वेळा एरर आला की बाहेर पडणाऱ्या एखाद्या वाटेवर, की प्रत्येक वेळी एक गळते. सकाळपासून गळत गळत दुपारी शंभर भरतात. रीस्टार्टनं पूल रिकामा होतो, म्हणून "रीस्टार्ट केलं की चालतं". पूल ५०० केला तर हेच रडगाणं उद्या दुपारऐवजी परवा. जोडणी उघडणारी प्रत्येक जागा, काम संपलं की जोडणी आपोआप बंद करणाऱ्या "युझिंग"च्या कंसात आणणं, एवढाच उपाय. एररचा मजकूर नीट वाचा: पूलमधून जोडणी मिळाली नाही असं असेल तर ही गळती. क्वेरी चालवताना वेळ संपली असं असेल तर ती वेगळी गोष्ट, तिचा ठरलेला टाइमआउट ३० सेकंद.

त्या दुसऱ्या गोष्टीत बहुधा कोणीतरी कोणाला अडवून बसलेलं असतं. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये) "एसपी_हू२" चालवा आणि "बीएलके बाय" हा रकाना बघा. तिथे ज्याचा नंबर पुन्हा पुन्हा दिसतो, तो रस्ता अडवून उभा आहे. एकदा तो नंबर माझाच निघाला. ओझरच्या एका गोदामात स्टॉक दुरुस्त करायला मी ट्रान्झॅक्शन सुरू केलं, अपडेट मारला, कमिट (बदल पक्का) करायचं राहिलं आणि सगळ्यांबरोबर मिसळ खायला गेले. परत आले तर चार जण पीसीसमोर हात बांधून बसलेले. तेव्हा कोणाचाही नंबर मारून टाकण्याआधी तो कोणाचा आहे ते विचारा. मारलेलं काम उलटं फिरवायलाही वेळ लागतो.

जुनं दिसतं, नवीन सेव्ह होत नाही, तर डेटाबेसचा आकार बघा. एक्सप्रेसमध्ये २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. लॉगची फाइल त्यात धरत नाहीत. फोटो आणि स्कॅन डेटाबेसमध्येच कोंबलेले असतील तर ही मर्यादा फार लवकर येते.

मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली असतील तर जोडणीचा काही दोष नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना एनव्हारचार (सगळ्या लिप्या साठवणारा प्रकार) हवा, आणि क्वेरीत मजकुराच्या अवतरण चिन्हाआधी इंग्रजी एन हवा. त्यापेक्षा पॅरामीटर वापरा, म्हणजे मजकूर क्वेरीत न चिकटवता वेगळा पाठवा. मग डिसोझांच्या नावातल्या अपॉस्ट्रॉफीनं क्वेरी मोडायचीही थांबेल आणि त्याच वाटेनं कोणी खोडसाळ क्वेरी घुसवायचीही. मायएसक्यूएलमध्ये अक्षरसंच (कॅरॅक्टर सेट) यूटीएफ८एमबी४ ठेवा. एक वाईट बातमी: जी नावं प्रश्नचिन्हं होऊन साठली, ती परत येत नाहीत. रजिस्टर काढून पुन्हा टाइप करावी लागतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मॅनेजमेंट स्टुडिओत डेटाबेसच्या नावापुढे "सस्पेक्ट" किंवा "रिकव्हरी पेंडिंग" दिसलं, तर थांबा. एररलॉगमध्ये ८२३ किंवा ८२४ नंबर दिसला तरीही थांबा, त्याचा अर्थ डिस्कवरून पान नीट वाचता येत नाही किंवा वाचलेलं पान बिघडलेलं आहे. डेटाबेस डिटॅच (सर्व्हरपासून वेगळा) करू नका, सस्पेक्ट झालेला डेटाबेस परत अटॅच होईलच असं नाही. इंटरनेटवर सापडणारी दुरुस्तीची कमांड, जिच्या नावातच "अलाउ डेटा लॉस" आहे, ती तर मुळीच चालवू नका. ती बिघडलेली पानं फेकून देते, आणि त्या पानांवर कोणाची उधारी लिहिली होती ते ती विचारत नाही. सर्व्हिस बंद करा, एमडीएफ (डेटाची) आणि एलडीएफ (लॉगची) फाइल्सची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, मगच फोन करा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर प्रतही घेऊ नका, मशीन सरळ बंद करा. फाइल्सची एक्स्टेन्शनं विचित्र झाली असतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसत असेल, तर नेटवर्कची केबल ओढून काढा आणि बॅकअपची डिस्क चुकूनही त्या मशीनला लावू नका.

गळती आणि लॉकची (एकानं दुसऱ्याला अडवून बसण्याची) दुरुस्ती ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्याचीच, तुम्ही बाहेरून काही करू शकत नाही. त्याला फोन करताना "चालत नाही" एवढंच सांगू नका. एररच्या पूर्ण खिडकीचा फोटो पाठवा, अर्धी कापलेली नको. किती सेकंदांनी आला, किती पीसींवर आला, सर्व्हरवर बसून चालतं का, टेस्ट-नेटकनेक्शननं काय उत्तर दिलं, आणि काल संध्याकाळनंतर लाइट गेली होती का किंवा इंटरनेटवाला येऊन गेला का, हे त्याच मेसेजमध्ये लिहा.